काळ्या पाण्याची नोंद आणि पूर्वजाचा शोध

ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेल्या आयरिश बंदिवानांच्या नोंदींच्या प्रती आयर्लंडने १९८८ साली त्या देशास भेट दिल्या आणि वंशजांचा पूर्वजशोध सुकर झाला. वऱ्हाडातून अंदमानास गेलेल्या जन्मठेपेच्या कैद्याचा माग काढू पाहणाऱ्यास प्रथम स्थलनामच अडवते. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पूर्वी सरकारदप्तरी ‘वूण’, म्हणजे वणी, या नावाने नोंदला जाई.

पोर्ट ब्लेअरची बंदिवान-वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. तेथे कैद्याच्या बिल्ल्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची व सुटकेची तारीख असे. शासनाच्या लेखी एवढेच त्याचे चरित्र. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ (१९२७) या ग्रंथात बंदिवान प्रथमपुरुषी निवेदन करतो; निरक्षर कैदी मात्र नोंदवहीत तृतीयपुरुषीच राहतो. वसाहतीत स्थायिक झालेल्यांच्या संततीची व्यवहारभाषा हिंदुस्थानी झाल्याने मौखिक स्मृतीचा दुवाही क्षीण झाला.

अशा स्थितीत दप्तराचे वाचन संहितेप्रमाणेच करावे लागते. त्यातील कलम ही न्यायालयाची भाषा होय. बापाचे व गावाचे नाव, रोमन लिपीत कितीही विपर्यस्त झालेले असो, बहुधा कैद्याच्याच तोंडून आलेले असते. पूर्वजाचा शोध त्या दोन शब्दांपासून आरंभणे म्हणूनच इष्ट ठरते.