गुत्ता, ठेका आणि कलारी : लष्करच्या वाटांवरून

ग्वाल्हेरच्या इतिहासावर लिहावयास बसलेल्या माणसाने किल्ला, तानसेनाची समाधी आणि जयविलास प्रासाद ह्या तीन वाटांनीच जावे, असा जणू संकेत पडून गेला आहे. मराठी लेखक असेल तर तो ह्यांत राजकवी तांबे यांच्या वास्तव्याची आणि १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या साहित्य संमेलनाची भर घालतो. ह्या वाटा आम्हीही अनेकदा तुडविल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही एका चौथ्या, आणि आमच्या पेशास काहीशा न शोभणाऱ्या, वाटेने निघालो. लष्कर, ग्वाल्हेर आणि मोरार ह्या तिन्ही वस्त्यांतील दारूच्या जुन्या जागा, म्हणजे येथे ज्यांना कलारी म्हणतात त्या, पहाव्यात आणि त्यांचा स्थानिक इतिहास काही हाती लागतो का ते तपासावे, असा आमचा मानस होता. सोबत लष्करमध्येच जन्मलेले एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. पहिल्याच कलारीच्या दाराशी त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला आणि "सर, तुम्ही इथे?" असे विचारून तोच आमच्याहून अधिक शरमला. काका शांतपणे म्हणाले, "अरे, आम्ही प्यायला नाही, वाचायला आलो आहोत." हे उत्तर त्या बिचाऱ्यास कितपत पटले असेल कोण जाणे!

परंतु काकांचे म्हणणे शब्दशः खरे होते. वाचण्यासारखे पहिले म्हणजे ह्या जागांची नावे. कलारी हे कलालाचे दुकान आणि कलाल हा संस्कृतातील कल्यपाल. कल्य म्हणजे मद्य. राजतरंगिणीत काश्मीरच्या ज्या उत्पल घराण्याची कथा येते त्याचे मूळ एका कल्यपालाच्या घरात सांगितले आहे, आणि अवंतिवर्म्यासारखा राजा त्याच कुळात निपजला. तेव्हा हा शब्द कुळाने हलका नव्हे. ठेका हा मात्र निव्वळ व्यवहाराचा शब्द, म्हणजे मक्ता. आता मराठी गुत्ता घ्या. आपण त्याचा अर्थ दारू पिण्याची हलकी जागा एवढाच समजतो. पण मराठवाड्यात गुत्तेदार म्हणजे आजही कंत्राटदार. रस्त्याचा गुत्तेदार, पुलाचा गुत्तेदार असे तेथे सहज म्हटले जाते, आणि त्यात दारूचा वासही नसतो. म्हणजे गुत्ता हाही मूळचा मक्ताच. नर्मदेच्या दोन्ही बाजूंच्या भाषांनी पिण्याच्या जागेस पेयावरून वा पिणाऱ्यावरून नाव न देता सरकारी कराराचे नाव दिले, ही गोष्ट आमच्या मते साधी नाही. जी जागा लोकांनी उभी केली तिला लोक आपल्या बोलीतले नाव देतात. जी सरकारच्या मक्त्याने उभी राहिली ती मक्त्याच्याच नावाने ओळखली जाते.

येथेच इंग्लंडातील मद्यगृहांशी आपला भेद पडतो. दुसऱ्या रिचर्डच्या कारकीर्दीत, १३९३ साली, तेथे मद्यगृहाने दारावर निशाणी लावलीच पाहिजे असे ठरले. लिहिता-वाचता न येणाऱ्या ग्राहकासही ओळखता यावे म्हणून मग राजमुकुट, पांढरा हरीण, तांबडा सिंह अशी चित्रे लागली. त्या चित्रांची नावे झाली आणि त्या नावांखाली मद्यगृहे शतकानुशतके टिकली. एकेका मद्यगृहाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक त्या देशात गावोगाव आढळतात. आपल्याकडे मक्ता आर्थिक वर्षाबरोबर उगवतो आणि ३१ मार्चच्या रात्री मावळतो. मक्तेदार बदलला की गल्ल्यावरचा माणूस बदलतो आणि भिंतीचा रंगही बदलतो. एका वर्षाच्या आयुष्याच्या वास्तूस परंपरा कोठून असणार? आणि तिला स्वतःचे नाव तरी कोण ठेवणार?

म्हणून कलारीस नाव असते ते जागेचे. कंपूची कलारी, शिंद्यांच्या छावणीची, अमक्या नाक्याची. आमच्या शोधाची किल्ली ह्याच गोष्टीत सापडली. कारण लष्करमधील जागांची नावे म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीचा न पुसलेला नकाशाच होय. ब्रिटिश वकिलातीच्या संरक्षक तुकडीबरोबर १८०९ साली ह्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत तिची रचना वर्णिली आहे. कूच झाले की बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्यांच्या जागी पांढरे निशाण रोवी. मागून एकेका बाजाराची निशाणे येत आणि प्रत्येक बाजार आपल्या ठरलेल्या जागीच उतरे. दुकानांच्या दोन समांतर रांगा लागून फौजेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक हमरस्ता तयार होई. मुक्काम बदले, पण शेजार बदलत नसे. पुढे १८१० च्या सुमारास ही चालती नगरी किल्ल्याच्या दक्षिणेस जी उतरली ती पुन्हा उठलीच नाही. तंबूंचे वाडे झाले आणि छावणीचे नाव शहरास चिकटले. लष्कर!

ह्या दृष्टीने हिंडू लागलो तेव्हा कलारीपेक्षा कलारीचा पत्ताच अधिक बोलू लागला. कंपू हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला. युरोपीय अधिकाऱ्यांनी कवायत शिकविलेल्या पलटणींच्या तळास आपले लोक कंपू म्हणत, आणि महादजींच्या सेवेत द बॉइन याने उभारलेल्या फौजेमुळे तो मराठी कागदांत रुळला. आज आपण मराठीत साहित्यिकांच्या टोळक्यास कंपू म्हणतो (आमच्या वाचकांस उदाहरणे द्यावयास नकोत), ग्वाल्हेरात मात्र ते एका मोहल्ल्याचे नाव होऊन सुखाने नांदत आहे. जिन्सी हे नाव तोफखान्याचे. फालका बाजार आणि पाटणकर बाजार ही नावे सरदार घराण्यांची. दाना ओळीतील ओळ तर थेट आपल्या घरातली. येथल्या हिंदी भाषकांच्या तोंडी तिचे 'ओली' झाले आहे एवढेच.

जिन्सीच्या नाक्यावर काकांनी एक इशारा दिला तो येथे नोंदविणे अवश्य आहे. दारू ह्या फारसी शब्दाचा अर्थ औषध. दवादारू ह्या जोडशब्दात तो अजून शाबूत आहे. मराठीत त्याच शब्दाने मद्य आणि बंदुकीची पूड अशी दोन स्फोटक द्रव्ये दाखविली जातात. तेव्हा मोडी दप्तरात दारूखाना आला की मद्याचे कोठार समजण्याची घाई करू नये. तेथे बहुधा दारूगोळाच असतो. जिन्सीसारख्या वस्तीत तर ही चूक हटकून व्हावयाची.

छावणी आणि मद्य यांचा संबंध मराठ्यांच्या इतिहासात एकसारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात पेशव्यांच्या अमलात मद्यबंदीकडे कल होता. ख्रिस्ती गोलंदाज आणि किनाऱ्यावरील भंडारी, कोळी यांना तेवढी सूट असे. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांविषयी लिहिताना ह्याकडे लक्ष वेधले आहे. पण शिंद्यांची फौज नाना देशांच्या आणि जातींच्या माणसांची. तेथे पुण्याचे सोवळे चालणे कठीणच. मोरारची गोष्ट आणखी निराळी. १८४४ च्या तहानंतर तेथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ग्वाल्हेर कंटिंजंटची छावणी पडली. जून १८५७ मध्ये ती फौज उठली, आणि नंतर १८८६ पर्यंत, म्हणजे किल्ला आणि मोरार झाशीच्या बदल्यात जयाजीरावांस परत मिळेपर्यंत, तेथे इंग्रजी पलटणी राहिल्या. इंग्रजी छावणीत गोऱ्या शिपायास कँटीनचे मद्य आणि बाजारात देशी दारू त्यास वर्ज्य, असा कायद्याचा दंडक असे. लष्करपासून कोसा-दीड कोसावर मद्याचा असा अगदी वेगळा कायदा नांदत होता. मोरारचा सदर बाजार आजही सरळ रेषेत आखलेला दिसतो. लष्करच्या गल्ल्यांची वळणे त्याला ठाऊक नाहीत.

श्रीमंतांच्या मद्याचा इतिहास मात्र जपला गेला आहे, आणि तिकीट काढून पाहावयास मिळतो. १८७४ साली बांधून झालेल्या जयविलासच्या भोजनगृहात माधवराव महाराजांची चांदीची आगगाडी आहे. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कारखान्याने ती १९०६ साली बनविली. मेजावरील रुळांवरून ती मद्याच्या स्फटिकपात्रांसह पाहुण्यांपुढून फिरे आणि कोणी पात्र उचलले की थांबे. शाळांच्या सहली ती पाहून टाळ्या वाजवितात. त्याच काळी मोहाची फुले आंबवून काढलेली दारू ज्या जागांत विकली जाई, त्यांपैकी एकीचीही पाटी, माप वा हिशेबाची वही आम्हांस कोठे पाहावयास मिळाली नाही.

१९५६ साली मध्य प्रदेश झाला आणि मध्यभारताच्या राजधानीचा मान ग्वाल्हेरकडून गेला. त्याच्या भरपाईदाखल जी काही राज्यस्तरीय कार्यालये येथे आली, त्यांत आबकारी आयुक्तांचे कार्यालयही होते. ते मोतीमहालात बसले. एका विशाल राज्यातील प्रत्येक कलारीचा मक्ता शिंद्यांच्या जुन्या महालातून नियंत्रित व्हावा, ह्या योगायोगाची येथल्या लोकांस फारशी गंमत वाटत नाही. आम्हांस वाटली.

बिर्लानगर आणि हजिरा भागात आम्ही फार वेळ थांबलो नाही. १९२१ साली स्थापन झालेली जियाजीराव कॉटन मिल गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली आणि पगाराच्या दिवशी उसळणारी ती गर्दी तिच्याबरोबर गेली. तेथे ऐकलेल्या आठवणी पुष्कळ आहेत, पण त्यांवर वेगळेच लिहावे लागेल.

शेवटी अहात्यांविषयी. अहाता म्हणजे आवार. दुकानास लागून असलेल्या ज्या आवारात बसून प्यावयास परवानगी असे, त्यास मध्य प्रदेशात हे नाव होते. आपल्या अर्थाने पाहिले तर शेजारपाजारच्या माणसांची बैठकीची जागा हीच. २०२२ पासून देशी आणि विदेशी मद्य एकाच दुकानात विकले जाऊ लागले, आणि उमा भारती यांनी चालविलेल्या मोहिमेनंतर सरकारने १ एप्रिल २०२३ पासून राज्यातील सर्व अहाते बंद केले. त्यापुढे १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओरछा आणि येथून जवळचे दतिया अशा १९ गावा-शहरांत मद्यविक्रीच थांबविण्यात आली. ग्वाल्हेर त्या यादीत नाही. म्हणजे येथे आता दुकान आहे, पण बसावयास जागा नाही.

अशाच एका बंद अहात्यासमोर राहणाऱ्या वृद्ध मराठी बाईंशी आम्ही बोललो. आमच्या अंगी थोडी हळहळ संचारली होती ती त्यांनी क्षणात उतरविली. त्या म्हणाल्या, "तुम्ही इतिहास म्हणता, मी चाळीस वर्षं खिडकी लावून घेतली." आम्ही विचारले, "मग आता बरं वाटतं?" त्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या. "रस्ता बरा झाला. पण तिथं पिणारे होते ते कुठं गेले? घरी आले. आता शेजारची सूनबाई खिडकी लावून घेते."

ह्या उत्तरावर काय लिहावे ते आम्हांस अद्याप सुचलेले नाही. मराठी वाचकाच्या मनातील मद्यपी हा 'एकच प्याला'तून आलेला आहे. तळीराम हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले, इतका तो खोल रुतला. पण गडकऱ्यांच्या नाटकात सुधाकर आहे, सिंधू आहे, आर्यमदिरामंडळाची टवाळी आहे. मक्ता देणारे सरकार त्यात रंगभूमीवर येत नाही. आमच्या इतिहासलेखनातही ते येत नाही. महसुलाच्या आकड्यांत एका ओळीत आबकारी असते आणि नीतीच्या प्रकरणात व्यसन असते. ह्या दोन प्रकरणांमध्ये जो नाका आहे, जी भिंत आहे, जी लावून घेतलेली खिडकी आहे, त्यांची नोंद करण्यास अहाते मोडून पडण्याआधी आम्ही निघावयास हवे होते, हे आम्ही कबूल करतो.

काही काम अजूनही होण्यासारखे आहे. लष्करमधील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत कलालीच्या मक्त्याचे, भट्टीच्या परवान्याचे वा बाजारवसुलीचे मोडी कागद असणे शक्य आहे. घराची अब्रू म्हणून ते आजवर बाहेर काढले गेले नसतील. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी घराण्याचे नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर का होईना, त्यांची नक्कल करू द्यावी. काका मोडी उत्तम वाचतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांना सवड आहे.