कॉलरामध्ये इतके जुलाब का होतात? ओआरएस कसे काम करते?

कॉलरा (पटकी) झालेल्या रुग्णाला तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पातळ जुलाब होतात. आजार तीव्र असेल तर मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. कॉलराचे जंतू आतड्याला जखमा करत नाहीत. जुलाब होतात ते त्यांच्या विषामुळे. हे विष कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगातून दाखवून दिले.

विष नेमके काय करते?

आतड्याच्या पेशींत ‘सायक्लिक एएमपी’ हा निरोप पोहोचवणारा रेणू असतो. तो वाढला की पेशी क्षार आणि पाणी आतड्यात सोडतात. तो तयार करणारे ‘बटण’ एरवी आपोआप बंद होते. कॉलराचे विष ते चालूच ठेवते. मग क्लोराइड सतत बाहेर पडते आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी जाते.

ई. कोलाय जंतूंच्या काही प्रकारांचे विषही असेच वागते. त्यांचे दुसरे एक विष ‘सायक्लिक जीएमपी’ वाढवते. प्रवासात होणाऱ्या जुलाबांमागे अनेकदा हेच जंतू असतात.

ओआरएस का उपयोगी पडते?

ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषून घेण्याचा आतड्याचा मार्ग या विषाने बंद होत नाही. त्यांच्यासोबत पाणीही शरीरात जाते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य रुग्णांना वाचवले.

ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून ते देणे बंद करू नका. अडकलेल्या पेशी काही दिवसांत गळून नव्या येतात. तोवर गेलेले पाणी भरून काढणे हाच मुख्य उपचार आहे.

घरी काय करावे?

• पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा.
• घोट-घोट, वारंवार पाजा. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्या.
• बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवा.
• जुलाब थांबवण्याच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका.

रुग्णालयात केव्हा न्यावे?

लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, सुस्ती, हातपाय गार पडणे किंवा काहीच पिता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास लगेच न्या. अशा वेळी शिरेतून सलाईन द्यावे लागते. वाटेतही, रुग्ण शुद्धीवर असून पिऊ शकत असेल, तर ओआरएस पाजत राहा.