‘घुसला’ या शब्दाचा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, गोल्फ हा साहेबांचा खेळ, त्याच्याशी आपलं काय देणंघेणं? मीही गोल्फ खेळत नाही. पण इतिहास वाचणाऱ्याला गोल्फची मैदानं फार कामाची असतात. वाढत्या शहरात शंभर-दीडशे वर्षं इमारत न उठलेली मोठी जमीन कुठे सापडते? लष्कराच्या छावणीत, रेसकोर्सवर, नाहीतर गोल्फच्या मैदानावर. आणि अशा जमिनीवर तिचे जुने रहिवासी अजून दिसतात. कुठे कोल्हा, कुठे मोर, कुठे गवा, कुठे हत्ती. बातमी मात्र ठरलेली असते: ‘गोल्फ मैदानात वन्यप्राणी घुसला.’ आज या ‘घुसला’ शब्दाकडेच जरा नीट बघू.

सुरुवात स्कॉटलंडपासून करावी लागेल. समुद्रकिनारा आणि शेती यांच्यामधली वाळूची, खुरट्या गवताची, नांगराला निरुपयोगी जमीन म्हणजे तिथले ‘लिंक्स’. मेंढ्या आणि ससे तिथलं गवत खात, म्हणून ते आखूड राहायचं आणि चेंडू घरंगळायचा. आजची गवत कापायची यंत्रं तेव्हा नव्हती, ते काम जनावरं करत होती. तरीही भांडण झालंच. १७९७ साली सेंट अँड्र्यूज गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि ही जमीन सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदानभर बिळं केली, गोल्फवाले चिडले आणि कोर्टकचेरी सुरू झाली. १८२१ मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे वाद मिटला. म्हणजे मैदान कुणाचं, हा प्रश्न या खेळाच्या जन्मगावातच पडलेला होता.

पुढच्या आठच वर्षांत, १८२९ साली, हा खेळ कलकत्त्यात आला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्या देशात आहे, हे अनेकांना माहीत नसतं. त्याची सुरुवात दमदमला झाली. खेळ पुढे मैदान भागात आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या दक्षिणेला टॉलीगंजमध्ये स्थिरावला. ‘रॉयल’ ही पदवी मिळाली १९११ मध्ये. तेव्हाचं टॉलीगंज म्हणजे शहराची वेस. पाणथळ जागा, बांबूची बेटं, तळी आणि कोल्हे. बंगाली बालकथांतला ‘शियाल पंडित’ आपल्या गोष्टींतल्या लबाड कोल्ह्याइतकाच घरोघरी ओळखीचा आहे, कारण हा प्राणी अंगणापलीकडेच राहायचा.

नंतर शहर दक्षिणेला पसरत गेलं. तळी बुजली, बांबू तुटले, १९८६ मध्ये टॉलीगंजपर्यंत मेट्रोही आली. कोल्हे कुठे गेले? जिथे झुडपं, पाणी, उंदीर आणि रात्रीची शांतता उरली होती, तिथे. म्हणजे गोल्फच्या मैदानांवर. मी त्या भागात काही दिवस मुक्कामाला होतो, तेव्हा दिवेलागणीनंतर कोल्हेकुई ऐकली. सोबतचे पाहुणे म्हणाले, ‘अरे बापरे, भर शहरात कोल्हे आले!’ आले नव्हते हो. ते तिथेच होते, आलं होतं ते शहर.

याच कलकत्त्याची एक गोष्ट व्याख्यानांतून फार फिरते. तिथे म्हणे माकडं चेंडू उचलून पळायची, म्हणून साहेबांनी नियम केला की माकड चेंडू टाकेल तिथून खेळायचं. तात्पर्य असं की नशिबाने टाकलं तिथून पुढे चालावं. गोष्ट गोड आहे, पण गोल्फचा आजचा नियम नेमका उलटा आहे. थांबलेला चेंडू प्राण्याने उचलला किंवा हलवला, तर तो मूळ जागी परत ठेवायचा, आणि खेळाडूला दंड नाही. विषारी साप किंवा मधमाश्यांसारखा धोका जवळ असेल, तर चेंडू सुरक्षित जागी घेऊन खेळण्याचीही मुभा आहे. चेंडूला मूळ जागा परत मिळते. पण ज्याची जमीनच हलवली, त्या प्राण्यासाठी असा नियम कुठे आहे?

आता दक्षिणेकडच्या डोंगरांत जाऊ. कोडाईकनालला १८९५ मध्ये गोल्फ क्लब झाला. निलगिरीत उटी आणि वेलिंग्टनलाही मैदानं आहेत. या डोंगरांची मूळ रचना अशी: घळींमध्ये दाट रान, ज्याला तिथे ‘शोला’ म्हणतात, आणि माथ्यावर उघडी गवताळ कुरणं. निलगिरीत तोडा लोकांच्या म्हशी या कुरणांवर चरत, आणि गव्यांचाही चारा हाच. इंग्रजांना मात्र झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक जमीन वाटली. तिथे चहा लागला, निलगिरी आणि वॅटलची झाडं लागली. स्वातंत्र्यानंतरही ही लागवड सुरूच राहिली. गवत गेलं, आणि जे थोडं उरलं त्यात गोल्फची मैदानं होती. तिथलं गवत तर वरचेवर कापलेलं, पाणी घातलेलं, सतत कोवळा फुटवा येणारं. जवळजवळ हजार किलोपर्यंत वाढणाऱ्या गव्याला याहून चांगलं ताट कोण वाढणार? म्हणून आज कोडाईकनालला गवे मैदानावर चरतात आणि खेळणारे थांबून वाट बघतात.

गवा आपल्याला परका नाही. कोल्हापूरजवळचं राधानगरी अभयारण्य गव्यांसाठीच ओळखलं जातं. तरीही ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा दिसला, तेव्हा काय झालं ते आठवा. गर्दी जमली, मोबाइल निघाले, आरडाओरडा, पाठलाग. तो बिचारा तासन् तास धावत राहिला. शेवटी त्याला बेशुद्ध करून पकडलं, पण तो वाचला नाही. प्राणी तोच, देशही तोच. एका ठिकाणी माणसं थांबली, दुसऱ्या ठिकाणी मागे लागली. एवढाच फरक, आणि त्यात एक जीव गेला.

शेवटचं उदाहरण आसामचं. गोलाघाट जिल्ह्यात, काझीरंगापासून जवळ, नुमालीगडचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. १९८५ च्या आसाम करारातून आलेला, म्हणजे तिथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा. २०११ मध्ये तिथे गोल्फ मैदान आणि वसाहतीच्या जागेला २.२ किलोमीटर लांबीची भिंत घातली गेली. ती देवपहाडच्या जंगलात, हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होती. हत्तीची वाट म्हणजे कळपातल्या थोरल्या हत्तिणीची आठवण. ती आईकडून लेकीकडे जाते, नकाशावर नसते. कळप यायचा, भिंतीपाशी थबकायचा, डोक्याने धडका द्यायचा. मे २०१५ मध्ये ही भिंत ओलांडू पाहणारा एक तरुण हत्ती मेला. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये लवादाने भिंत पाडायला सांगितलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. जंगलावर पहिला हक्क हत्तींचा, हे न्यायालयाने स्पष्ट केलं.

सेंट अँड्र्यूजच्या वादात दोन्ही बाजूंना माणसंच होती, ससे हा फक्त धंदा होता. नुमालीगडला एक बाजू हत्तींची होती, आणि ती बाजू जिंकली. माझ्या मते दोनशे वर्षांच्या या गोष्टीतली ही सर्वांत मोठी घटना आहे.

यातून कुणी प्राणी म्हणजे निव्वळ गोड देखावा असं समजू नये. गव्याची धडक आणि हत्तीचा पाय जीव घेतो. आणि तो धोका खेळणाऱ्यापेक्षा पहाटे गवत कापायला जाणाऱ्या माळ्याला, चेंडू शोधायला झुडपात शिरणाऱ्या कॅडीला आणि शेताची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला जास्त असतो. म्हणून अंतर ठेवायचं, खायला घालायचं नाही, घेरायचं नाही, निघून जायला वाट मोकळी ठेवायची. हे प्राण्यासाठी जितकं, तितकंच त्या माळ्यासाठीही.

तुम्ही बडोद्यात असा, बंगळूरला असा, इंदूरला किंवा कोलकात्यात. पुढच्या वेळी ‘घुसला’ अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. ही जागा पन्नास वर्षांपूर्वी काय होती? आणि त्या प्राण्याला जायला वाट उरली आहे का? गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत, तर पहिल्याचं उत्तर सहज मिळेल. दुसऱ्याचं उत्तर मात्र आपल्यालाच द्यायचं आहे.