तालमींचे फुटबॉल संघ

पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा : कोल्हापूरच्या या फुटबॉल संघांच्या नावांमागे 'तालीम' हा शब्द येतो, तो कुस्तीच्या वारशातून. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) मल्लविद्येला राजाश्रय दिला. १९१२ मध्ये खासबाग मैदान साकारले. पुढे तालमींच्या मंडळांनी फुटबॉलही आपलासा केला.

संघबांधणीचे सूत्र साधे होते : पेठेतली पोरे, पेठेचा संघ. शाहू स्टेडियमवरील ईर्ष्या वाढली, तसे मंडळांनी बाहेरचे, अगदी नायजेरियाचेही खेळाडू आणले. त्याने खेळाचा दर्जा उंचावला; पण मैदानावर जागा अकराच. परक्या प्रत्येक खेळाडूमागे पेठेतला एक मुलगा राखीव बाकावर बसतो. पोरे घडवायची की चषक जिंकायचा, हा पेच प्रत्येक हंगामात तालमीपुढे उभा राहतो.