मांडव्याचे हात

दोन बोटांच्या बेचक्यात कागदाचे चिटोरे धरायला सांगायचे आणि ते हलकेच ओढून पाहायचे. धडधाकट हात कागद सोडत नाही. कुष्ठरोगाने कोपरामागची नस निकामी केली असेल तर तो अलगद निसटतो. मग हात पालथा करावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा जाऊन तिथे खळगा पडलेला दिसतो, करंगळी आणि अनामिका तळव्याकडे वळू लागलेल्या असतात. असा हात जाळ्याची दोरी ओढणार कसा? आणि चामडी सुन्न झाल्यावर माशाचा काटा रुतला तरी कळणार कसे?

१९७०च्या दशकात, मुंबई बंदरापलीकडे अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात कुष्ठरोगाचे रुग्ण हुडकण्याचे काम गावातल्याच बायकांनी केले. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. या बायकांचे शिक्षण बेताचे होते, पण त्यांना घराघरांत प्रवेश होता आणि कोणत्या पदराआड चट्टा लपवला जातो हे त्या जाणून होत्या. त्यांना शिकवणारे डॉ. नोशिर अँटिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले नामवंत प्लास्टिक सर्जन.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाअखेर सशक्त स्नायूचा कंडरा वळवून कुष्ठरुग्णाची बोटे सरळ करायला सुरुवात केली होती. अँटियांनीही कुष्ठरुग्णांवर अशा पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या. बोट त्याने उघडते, मिटते. वाळून गेलेले मांस मात्र भरून येत नाही.

ते वाळते का? हाताला काम नाही म्हणून, हे उत्तर खरे, पण अपुरे. १९९१मध्ये जपानी संशोधक कोंडो आणि सहकाऱ्यांनी उंदरांचा पाय जखडून ठेवला, तेव्हा झिजणाऱ्या स्नायूत ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या विध्वंसक संयुगांचा मारा, वाढलेला आढळला. २००७मध्ये अमेरिकेत म्युलर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पायाची नसच तोडली. स्नायूपेशींतली ऊर्जाघरे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी विध्वंसक द्रव्ये कितीतरी अधिक सोडू लागली. या द्रव्यांनी प्रथिने बिघडतात आणि पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा जोर धरते. झिजेमागे इतरही कारणे आहेत. कुष्ठरोगात नस जाते ती जंतूंमुळे आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराच्या दाहामुळे; पण ती गेल्यावर स्नायू बहुधा असाच आतून पोखरला जातो, म्हणून तिथे एकेक महिना मोलाचा असतो.

अँटिया त्याच वर्षी, २००७मध्ये वारले. मांडव्याचे काम त्याआधीच थांबले होते. ते थांबल्यावर, त्यांच्या हयातीतच, त्यांनी स्थापलेल्या संस्थेने पुणे जिल्ह्यातल्या परिंचे भागात बायकांनाच हाताशी धरून ते नव्याने उभे केले. या साऱ्या कहाणीत शस्त्रक्रियेच्या टेबलाइतकेच, किंबहुना जास्त, श्रेय उंबऱ्यावर बसून चट्टा ओळखणाऱ्या बाईला द्यायला हवे.

रायगडात नवे रुग्ण आजही सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर, सुन्न चट्टा दिसला तर हात वाळण्याची वाट पाहू नका. सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा; तिथे औषध मोफत मिळते.