शाळेची बाग आणि घरची माणसे

नंदुरबारहून तळोदा आणि अक्कलकुवा मागे टाकून अंकलेश्वरच्या रस्त्याने निघाले, की गुजरातची हद्द लागण्यापूर्वी खापर हे गाव लागते. खापर म्हटले की खानदेशी माणसाला मांडे आठवावेत. पण फाल्गुन महिन्यात या वाटेने जाणाऱ्याला आठवण होते ती सातपुड्याचीच. पळस फुललेला असतो आणि पहाटेच्या गारव्यात मोहाच्या झाडाखाली बायकामुले फुले वेचीत असतात. गेल्या होळीच्या सुमारास एका परिचित शिक्षकांच्या निमंत्रणावरून मी तेथील एका निवासी शाळेत गेलो होतो. निमित्त होते पालकभेटीचे, आणि भेट ठरली होती शाळेच्या परसबागेत.

पालकभेटीसाठी वसंत ऋतू निवडण्यामागे या भागातील जीवनक्रम आहे. दिवाळी आटोपली, की डोंगरातील कित्येक कुटुंबे ऊसतोडणीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. होळीला मात्र माणूस कोठेही असो, घरी परततो. भोंगऱ्या बाजार भरतात आणि काठीच्या राजवाडी होळीला दऱ्याखोऱ्यांतून ढोल घेऊन माणसे लोटतात. आईबापांच्या हाती मुलांना भेटण्याइतकी उसंत असते ती याच दिवसांत. त्यातील कितीतरी बापांनी आपले मूल चार महिन्यांत पाहिलेले नसते.

शाळेच्या मागे कूपनलिकेच्या सांडपाण्यावर दहाबारा वाफे केले होते. मिरची, वांगी, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर. कुंपणाला शेवगा आणि पपई. प्रत्येक वाफ्यावर मुलांच्या अक्षरातील पाटी, आणि पाटीवर मराठी नावाखाली शास्त्रीय नाव. सहावीतील एक मुलगा आपल्या आजीला वाफे दाखवीत होता. आजी ऐकत होती खरी, पण तिचे लक्ष बांधाशेजारी उपटून टाकलेल्या हिरव्या ढिगाकडे होते. तिने वाकून त्यातील दोन जुड्या उचलल्या.

"हे कोणी उपटले, मास्तर?"

"तण आहे ते, आजी. पाहुणे येणार म्हणून मुलांनी सकाळीच खुरपून काढले."

"तण कसले? ही घोळ. हा तांदुळजा. ही तर भाजी!"

असे म्हणून तिने तो ढीग निवडून पदरात भरायला सुरुवात केली. मुलगा लाजेने लाल झाला. चार पाहुण्यांच्या देखत आपल्या आजीने उकिरड्यावर टाकायचा पाला गोळा करावा, हे त्याला सहन होईना. त्याने तिचा हात धरून "चल" म्हटले. गुरुजी सज्जन, ते गडबडले आणि मग हसले. मी मात्र त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. घरी तो हीच भाजी भाकरीशी खात वाढलेला होता. तिची लाज त्याला कोठून आली?

शाळेच्या बागेचा इतिहास थोडा चाळला, तर या प्रश्नाचे काही धागे हाती लागतात.

जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. ते नाव केवळ अलंकारिक नव्हते. प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा आणि सर्वांचे मिळून सामाईक वाफे, अशी त्यांची योजना होती. आपला वाफा सुकला तर दोष आपला. सामाईक वाफा सुकला तर सर्वांचा. प्रशियाच्या सरकारला यातही धोका दिसला. १८५१ साली त्याने या शाळांवर बंदी घातली, आणि ती उठण्यास १८६० साल उजाडले. मधल्या काळात, १८५२ मध्ये, फ्रोबेल निवर्तले. एक बाग सरकारला भिववू शकते, ही गोष्ट मला नेहमीच विचारात पाडते.

पुढे रोममध्ये १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया मॉन्टेसरी यांनीही बागकामाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. आपल्या वाचकांना त्यांचे नाव परिचित आहेच. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे येथेच राहिल्या. परंतु त्यांची पद्धती त्याआधीच गुजराती आणि मराठी मुलुखात रुजली होती, ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामुळे. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघातून ताराबाईंनी ती मराठी घरांत पोचविली.

ताराबाईंचे खरे धाडस मात्र त्यानंतरचे. शहरातील शिशुशाळा नावारूपाला आल्यावर त्या १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना याच सुमारास येऊन मिळाल्या, आणि पुढील दशकात दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे केले. तेथे प्रथम अनुभव आला तो हा, की शाळा उघडली तरी मुले येत नाहीत. मग ताराबाईंनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. मोठी मुले गुरांमागे जातात असे दिसल्यावर कुरणशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. परदेशी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, खडे, शिंपले हीच साधने झाली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कागदावर चढला. आज तो शब्द गावोगावच्या पाट्यांवर दिसतो. त्यातील 'अंगण' कोणाचे होते, हे किती जणांच्या ध्यानी येते कोण जाणे. अनुताई १९९२ साली निवर्तल्या. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन आपल्या घराघरांत असावे असे मला वाटते.

कोसबाडच्या या दोघी बायांनी ओळखले ते हे, की आदिवासी मूल शाळेत येते तेव्हा ते कोरे नसते. त्याला झाडे ठाऊक असतात, पाखरे ठाऊक असतात. शाळेने ते ज्ञान उंबरठ्याबाहेर काढून ठेवायला सांगितले, तर ते मूल स्वतःलाच बाहेर ठेवते.

महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची कल्पना पुढे आली. त्यातही शेतीबागायतीला महत्त्वाचे स्थान होते. सेवाग्रामला हा प्रयोग मनापासून झाला. इतरत्र तो फार लवकर वेळापत्रकातील एक तासिका बनला. याचा अनुभव मला लहानपणीच आला. ज्या शाळेत मी शिकलो, तिचे नाव सांगत नाही. तेथे गृहपाठ न करणाऱ्याला शिक्षा म्हणून बागेला पाणी घालावे लागे. मी वसईकडचा, वाडीवाल्यांचा मुलगा. आमच्या घरी रहाट जाऊन पंप आला होता, तरी बावखलातील पाण्यावर केळी जगवायच्या कशा, हे मला अक्षरांच्या आधी कळले होते. तेच पाणी शाळेत शिक्षा झाले. वर्षभरात मी वडिलांच्या मातीच्या हातांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो होतो, हे आज कबूल करताना बरे वाटत नाही. खापरच्या त्या मुलाची लाज मला ओळखीची वाटली ती यामुळे.

गंमत अशी, की ज्या वाफ्यांवर सन्मानाने पाट्या लावल्या होत्या, त्यांतील कित्येक पिके परदेशी पाहुणी होती. मिरची, टोमॅटो, पपई ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसपूर्वी आपल्या देशात मिरची कोणी पाहिलेली नव्हती. तिखटपणासाठी मिरी आणि सुंठ होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, आणि आज नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ साऱ्या राज्यात नाव राखून आहे. पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली, की जमीन लाल दिसते. शहाद्याकडील पपईचे मळेही असेच. १५३४ ते १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. तेव्हा आमच्या वाड्यांनाही या पाहुण्यांचा लाभ झाला. मी हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. मिरची आपली नव्हे? एका मुलीने तर गुरुजींकडे वळून खात्री करून घेतली.

उलट जे झाड इथल्या माणसांचे खरे आधारवड, ते मोहाचे झाड बागेत नव्हते. मोह काही वाफ्यात लावण्याचे झाड नव्हे, हे खरे. परंतु त्याच्या वाट्याला आलेला इतिहास तपासण्याजोगा आहे. मोहफूल हे दुष्काळात जगविणारे अन्न. वाळवून ठेवले की पावसाळ्यापर्यंत पुरते. इंग्रज अमदानीत अबकारी उत्पन्नापायी त्याच्याकडे केवळ दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले गेले. मुंबई सरकारने १८९२ साली मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आधीच १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारजमा होत चालले होते. ज्याच्या फुलांनी लेकरे जगली, ते झाड कायद्याच्या भाषेत संशयित ठरले. मग ती फुले वेचणारा माणूस तरी संशयातून कसा सुटावा? शाळेच्या पुस्तकात मोह आला तो बहुधा व्यसनमुक्तीच्या धड्यात. दारूने घरे उद्ध्वस्त होतात, हे मी धर्मगुरू म्हणून रोज पाहतो आणि त्याविषयी माझे मत कठोर आहे. तरीही भाकरीत मिसळलेले मोहफूल आणि भट्टीतील मोहफूल यांतील फरक मुलाला कोणी सांगितलाच नाही, तर ते आपल्या आजीच्या टोपलीकडेही खाली मान घालूनच पाहील.

१९९० नंतरच्या काळात नर्मदेकाठच्या बुडितातील गावांत आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. तेथे गावातीलच तरुण शिक्षक झाले आणि पावरी, भिलोरी बोलींतून पहिले धडे दिले गेले. धरणाविषयी कोणाचे मत काहीही असो, घरची बोली वर्गात आणण्याचा हा यत्न नोंदविल्यावाचून या जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास पुरा होत नाही. जिल्हा म्हणून नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी हे सारे धुळ्यातच मोडत असे.

अलीकडे परसबागेला सरकारनेच बळ दिले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली, आणि २०१९ साली शाळांतील पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. जेथे कुपोषणाने अनेक मातांच्या मांड्या रित्या झाल्या, त्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत ताटात पडणारी हिरवी भाजी ही हौस नव्हे.

त्या दिवशी दुपारी गुरुजींनी एक गोष्ट केली, ती मला आवडली. जेवणाआधी त्यांनी आजीला ओट्यावर बसविले आणि पदरातील एकेक काडी मुलांना दाखवायला सांगितले. ती प्रथम संकोचली. मग बोलू लागली ती थांबेना. घोळ कशी निवडावी, तांदुळजाचे कोवळे शेंडे कसे खुडावेत, पहिल्या पावसानंतर डोंगरात कोणता पाला आधी येतो. गुरुजी पाठीमागे उभे राहून वहीत लिहून घेत होते. इतर आयाबायाही पुढे सरकल्या, आणि घोळ नुसत्या मिठावर शिजवावी की डाळ घालून, यावर दोघींचा वाद जुंपला. शाळेच्या चुलीवर त्या दिवशी वांग्याबरोबर घोळही शिजली. नातू मात्र लांबच उभा होता. पंगतीत वाढताना त्याने आजीला भाजी वाढली. स्वतः घेतली की नाही, ते गर्दीत मला दिसले नाही.

चार वाजता मोलगीकडे जाणारी जीप भरली. आजीने निघताना गुरुजींकडे मिरचीचे बी मागून घेतले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. नातवाच्या डोक्यावरून हात फिरविला, आणि जीपमध्ये चढताचढता कुंपणापलीकडल्या ओल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिकडचे नका उपटू, मास्तर. पावसापर्यंत राहू द्या."