अठरा हात लुगडं आणि न मिटणारं कपाट



दशलक्षण पर्वाच्या आधी कपाट आवरायला काढलं, तर तळाशी सासूबाईंचं इरकली काठाचं लुगडं निघालं. अठरा हात, म्हणजे नऊ वार. लेकीनं विचारलं, "आई, हे नेसतात कसं?" मी गप्पच झाले. मलाही ते नीट नेसता येत नाही.

सोलापूरच्या बाईला हे जास्तच लागावं. १८७७ मध्ये इथे जुनी गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर लुगडी विणली जात. गावात विणलेलं गावातच नेसलं जाई. हळूहळू लुगडं नेसणाऱ्या कमी झाल्या, यंत्रमाग वाढले आणि मागांवर चादरी, टॉवेल आले. गिरण्यांचे भोंगेही थांबले. आज आपलं सोलापूर शाळेचे गणवेश शिवतं, म्हणजे शर्ट-पॅंटच!

पुरुषांचं तर आधीच बदललं होतं. १९३० च्या मार्शल लॉमध्ये इथे गांधी टोपी इंग्रजांच्या डोळ्यांत खुपत होती. जोरजबरदस्तीनं जी टोपी लोकांनी सोडली नाही, ती पुढे धोतराबरोबर आपणहून खुंटीवर गेली. तिथे कुणी सक्ती केली नव्हती. सायकल, कचेरी, कारखाना, सगळीकडे पॅंट सोयीची पडली.

म्हणून मी लेकीच्या कुर्ती-जीन्सला नावं ठेवत नाही. सासूबाई पहिल्यांदा गोल पातळ नेसल्या, तेव्हा त्यांच्याही सासूबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या. हे त्या हसत सांगायच्या.

मला खटकतं ते वेगळंच. सासूबाईंकडे रोजची दोन लुगडी आणि सणाचं एक. फाटलं की दंड घालायच्या, जुनेर झालं की वाकळ शिवायच्या. माझ्या कपाटाचं दार मात्र लोटून बंद करावं लागतं, आणि तरी लग्नाला निघताना "घालायला काही नाही" म्हणते!

आपल्या श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात 'कुप्य' हा शब्द येतो. त्यात कपडेही मोजले आहेत. धर्मानं शेत आणि सोन्याबरोबर कपड्यांनाही मर्यादा घालायला सांगितली. आर्यिका माताजी आजही सोळा हातांच्या पांढऱ्या साडीत असतात. त्यांना पाहिलं की वाटतं, पेहराव बदलला याचं दुःख थोडं आहे, मोजणं सुटलं याचं जास्त.

या दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी आणि लेकीनं मिळून कपडे मोजले. आकडा सांगत नाही, लाज वाटते! नियम मात्र घेतला आहे: नवीन एक आणलं, तर जुनं एक गरजूला द्यायचं.

लुगडं ठेवलंय. शेजारच्या आजी येत्या रविवारी आम्हा दोघींना नेसायला शिकवणार आहेत.

तुमच्या कपाटात किती आहेत, एकदा मोजून बघा.